जुनापाणीची शिळावर्तुळं: कधी जावं, कसं पाहावं, नजरेतून काय निसटतं

जुनापाणी पाहण्यासारखं आहे, आणि नागपुरात राहणाऱ्याने तर ते पाहायलाच हवं. अट एकच. सकाळी ऊन वर चढण्याआधी जा, नाहीतर दुपारी चारनंतर. भर दुपारी गेलात तर बरड माळावर विखुरलेले काळे धोंडे दिसतील, दोन फोटो निघतील आणि पंधरा मिनिटांत गाडी शहराकडे वळेल. तीच जागा जानेवारीतल्या सकाळी साडेसातला पाहिली की प्रत्येक धोंड्याची सावली लांब पडलेली असते, वर्तुळाचा गोल आखून दिल्यासारखा उठून दिसतो आणि दगडांवरचे जे खळगे पाहायला एवढं यायचं, ते आपसूक नजरेत भरतात. ‘तिथे काही नाही हो’ असं सांगणारे बहुतेक जण चुकीच्या वेळी जाऊन आलेले असतात.

जागा काटोल रोडवर, शहराच्या मध्यापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. मोठमोठे काळ्या पाषाणाचे धोंडे गोलाकार मांडून केलेली ही दफनस्थळं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे विदर्भात लोखंड वापरात आलं त्या काळातली. परिसरात मिळून तीनशेच्या आसपास वर्तुळं सांगितली जातात. ती एका रांगेत नाहीत. पाच-दहाचा एक घोळका, मग रिकामा माळ, मग झुडपांआड आणखी काही, अशी पसरलेली आहेत. जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथल्या खोदकामाचं वर्णन १८७९ मध्ये छापलं. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी यांतली तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध पद्धतीने उघडली. बाकीची बहुतांश अजून तशीच मिटलेली आहेत, आणि जुनापाणीचं मोल त्यातच आहे. हे एखादं सुटं स्मारक नाही, अख्खा माळच दफनभूमी आहे. एकाच वर्तुळापाशी उभं राहून परत येणाऱ्याला तिचा आवाका कळत नाही.

रस्ता सोपा आहे. सदर, छावणी, काटोल नाका आणि पुढे सरळ काटोलची वाट. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय याच बाजूला असल्याने सुट्टीच्या दिवशी दहानंतर रहदारी वाढते, सकाळी सातला रस्ता मोकळा मिळतो. स्वतःची दुचाकी सगळ्यांत सोयीची. चारचाकी असेल तर ती डांबरी रस्त्याच्या कडेला नीट आत घेऊन लावा, कारण या रस्त्यावर ट्रक जोरात असतात. गाडी माळावर अजिबात चढवू नका. गवतात अर्धवट बुडालेले परिघावरचे धोंडे चाकाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, आणि टायरपेक्षा त्या धोंड्याचं हललेलं बूड जास्त महाग पडतं. एसटीने जायचं असेल तर काटोलच्या गाड्या याच रस्त्याने जातात, पण जलद गाडी मध्ये थांबेलच असं नाही, ते चढण्याआधी विचारून घ्या. ऑटो केला तर जाणं, येणं आणि दोन-अडीच तास थांबणं असा एकत्र भाव आधीच ठरवा. परतीला तिथे रिकामा ऑटो मिळेल या भरवशावर राहू नका.

प्रवेशाला तिकीट नाही. संरक्षित स्मारकाची पाटी लागली की जागा आली असं समजा. पाटीवरून ही वर्तुळं कायद्याने संरक्षित आहेत एवढं कळतं. कुठल्या वर्तुळाकडे आधी जावं, दगडावर काय पाहावं, आत काय होतं, हे माळावर कोणी सांगणार नाही. सेवा म्हणून पाहिलं तर ही या ठिकाणाची सगळ्यांत मोठी उणीव. खाणंपिणं, स्वच्छतागृह, बसायला सावली, यांतलं काही गृहीत धरू नका. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्या. चहा-नाश्ता जाताना काटोल नाक्यापर्यंतच उरकून घ्या.

हंगामाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वर्षातले सात-आठ महिने ही जागा नीट दिसतच नाही. जून ते सप्टेंबर पावसाचे. काळी माती बुटाला एवढी चिकटते की चालणं जड होतं, आणि तरोटा व गवत धोंड्यांच्या वर जातं. ऑक्टोबर तर पाऊस नसूनही वाईट, कारण गवत तेव्हा सगळ्यांत उंच असतं आणि कुसळं पिकलेली असतात. ती मोज्यांत शिरली की काढता काढता पुरेवाट होते. नोव्हेंबरच्या शेवटापासून गवत बसायला लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ उत्तम. गवत पिवळं पडून झोपलेलं, ऊन तिरपं, हवा गार. पळस फुलतो तेव्हा माळ देखणा असतो, पण तोवर दुपारचं ऊन बोचू लागलेलं असतं. मार्चनंतर वाळल्या गवताला आग लागते. जळलेल्या माळावर वर्तुळं ठळक दिसतात हे खरं, मात्र धोंड्यांवर काजळी बसते आणि बारीक खळगे त्या काळ्यात हरवतात. एप्रिल-मेचं नागपूर सगळ्यांना ठाऊकच आहे. काळा पाषाण तापला की त्याला हात लावता येत नाही. त्या दिवसांत जायचंच असेल तर उजाडताच पोहोचा आणि आठ वाजता निघा.

पावसाळ्यात या वर्तुळांच्या वाटेला जाणाऱ्याने एक जुनी घटना ध्यानात ठेवावी. नागपूरच्या शिक्षणाच्या आणि भूशास्त्राच्या इतिहासात ज्यांचं नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरमध्ये बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला अशाच शिळावर्तुळांचं खोदकाम पाहायला गेले होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल त्या दौऱ्यावर होते. परतताना पावसाने फुगलेला नाला घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप बुडाले. माळावरचे नाले कोरडे असताना नाले वाटतच नाहीत. वर कुठे पाऊस झाला की ते अर्ध्या तासात भरतात. पलीकडचा घोळका पाहायला ओहोळ ओलांडला असेल आणि आभाळ भरून आलं, तर पाहणं सोडून आधी अलीकडे या.

पायात घोट्यावर येणारे बूट हवेत. चप्पल, सँडल बाद. जाड कापडाची फुलपँट घाला, कुसळं आणि बोरीचे काटे दोन्ही अडतात. धोंड्यांच्या फटीत, दगडगोट्यांच्या ढिगात हात घालायचा नाही. फुरसं आणि घोणस दोघांनाही अशा जागा आवडतात, आणि हिवाळ्याच्या सकाळी साप उन्हाला दगडावर येऊन पडतात. हातात काठी ठेवा आणि पुढचं गवत हलवत चाला. चुकून दंश झालाच तर बांधाबांधी, चिरणं यांत वेळ न घालवता माणसाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता थेट मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं गाठायची. माळ फारसा चढउताराचा नाही, त्यामुळे काठी टेकत चालणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही जवळचा घोळका पाहता येतो. लहान मुलांना धोंड्यांवरून उड्या मारू देऊ नका. पडण्याची भीती आहे, आणि धोंडे सैल होण्याचीही.

आता मुख्य गोष्ट, वर्तुळ पाहायचं कसं. जवळच्या पहिल्या वर्तुळाच्या आत लगेच शिरू नका. आधी परिघाबाहेरून एक पूर्ण फेरी मारा. बहुतेक वर्तुळांचा व्यास दहा ते पंधरा मीटरच्या आसपास, काहींचा त्याहून कमी-जास्त. धोंडे गुडघ्याएवढे, क्वचित कमरेला लागतील एवढे. मुळात ते एकमेकांना जवळजवळ खेटून लावलेले असतात. त्यामुळे कुठे दगड गेला आहे ते हिशेबाने काढता येतं. समजा व्यास १२ मीटर आहे. परीघ झाला सुमारे ३८ मीटर. धोंड्यांची सरासरी रुंदी ८० सेंटीमीटर भरली, तर पूर्ण वर्तुळाला सत्तेचाळीसच्या आसपास धोंडे लागले असणार. तुमच्या मोजणीत एकतीस आले तर एक तृतीयांश गेले. मग मोकळ्या जागा पाहा. त्या सगळ्या एकाच अंगाला, रस्त्याच्या किंवा शेताच्या बाजूला असतील, तर दगड माणसाने उचलून बांधाला नाहीतर बांधकामाला नेले असण्याची शक्यता जास्त. इकडे एक, तिकडे दोन अशा विखुरलेल्या असतील तर आधी गवतात पाहा, काही धोंडे आडवे होऊन मातीत गेलेले सापडतात.

व्यास मोजायला ३० मीटरची फायबरची मोजपट्टी आणि दोन माणसं पुरतात. एक माप उत्तर-दक्षिण घ्या, दुसरं पूर्व-पश्चिम. दोन्ही मापं धोंड्याच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतच घ्या. एकदा आतून, एकदा बाहेरून अशी सरमिसळ झाली की गोल वर्तुळही लंबगोल भरतं. मध्यबिंदू दाखवायला खुंटी ठोकायची नाही. टोपी किंवा पिशवी ठेवली की काम होतं.

मग आतला भाग. तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असतो, कारण आत दगडगोटे आणि मुरूम भरलेला असतो. विदर्भातल्या अशा वर्तुळांच्या उत्खननांत वर दगडगोट्यांचा भराव, त्याखाली काळी चिकट माती, आणि तळाशी हाडांचे अवशेष, काळी-तांबडी मडकी, लोखंडी वस्तू असा क्रम वारंवार आढळला आहे. दक्षिणेत दगडी फरशांच्या पेटीसारख्या कबरी बऱ्याच मिळतात, इथे भर भरावाच्या वर्तुळांवर आहे. आतला भाग मधोमध बशीसारखा खोल गेलेला दिसला तर दोन शक्यता: जुनं खोदकाम, किंवा गुप्तधनाच्या हव्यासाने कोणीतरी मारलेला खड्डा. शास्त्रीय खोदकामाच्या कडा सरळ रेषेत असतात, मातीने भरून आल्यावरही चौकोनाचा माग राहतो. चोरखड्डा ओबडधोबड असतो आणि त्यातला राडा शेजारीच टाकलेला असतो. हव्यासाने खणणाऱ्याच्या हाती बहुधा फुटकी मडकी आणि गंजलेलं लोखंड लागतं, आणि त्या वर्तुळातला पुरावा कायमचा विस्कटतो. याची हळहळ माळावर हिंडताना पावलोपावली वाटते.

जुनापाणीला वेगळेपण देणारी गोष्ट म्हणजे परिघावरच्या काही धोंड्यांवर कोरलेले कपमार्क. नाण्याएवढे छोटे, गोल, उथळ खळगे, बरेचदा ओळीने पाडलेले. रिव्हेट-कार्नॅकने यांची तुलना ब्रिटनमधल्या खडकांवरच्या अशाच खुणांशी केली होती. प्रत्येक धोंड्यावर ते नाहीत, वर्तुळातल्या निवडक धोंड्यांवर आहेत, म्हणून एकेक धोंडा पाहत फेरी पूर्ण करावी लागते. घाई करणाऱ्याच्या हातून हेच निसटतं.

यात नवख्याची फसगत ठरलेली. हा दगड दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, आणि दगड झिजला की त्या जागी नैसर्गिक पोकळ्या उघड्या पडतात. त्या पाहून ‘कपमार्क सापडले’ असं वाटणं साहजिक आहे. ओळखायची रीत अशी. नैसर्गिक पोकळ्या लहानमोठ्या, वेड्यावाकड्या आणि कशाही विखुरलेल्या असतात. काठ धारदार असतो, आत कधी पांढरट स्फटिकांचा थर चिकटलेला दिसतो, आणि तशाच पोकळ्या त्या धोंड्याच्या सगळ्या अंगांवर असतात. कोरलेले खळगे आकाराने जवळजवळ सारखे, काठाला गुळगुळीत आणि एकमेकांपासून मोजून ठेवल्यासारखे असतात, आणि ते धोंड्याच्या ठरावीक अंगावरच भेटतात. शंका आली तर शेजारचे चार धोंडे पाहा. तशाच पोकळ्या तिथेही असतील तर निर्णय सोपा आहे.

दिसण्यासाठी उजेड बाजूने यायला हवा. सूर्य डोक्यावर आला की उथळ खळग्यात सावलीच पडत नाही, म्हणून अकरा ते तीन हा वेळ वाया. ढगाळ दिवशी किंवा धोंड्याचं ते अंग सावलीत असेल तर हातबॅटरी घ्या, तिचा झोत दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. खळगे एकेक करून वर येतात. फोटोसाठी मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, समोरून येणारा उजेड खोली खाऊन टाकतो. एकाने बॅटरी धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा. मापासाठी शेजारी नाणं किंवा सेंटीमीटरची पट्टी ठेवा. खळगे ठळक दिसावेत म्हणून त्यांत खडू, हळद किंवा रंग भरणं पूर्णपणे वर्ज्य. झिजलेल्या दगडाच्या बारीक छिद्रांत शिरलेला रंग निघत नाही, आणि काढायला घासलं तर खळग्याचा मूळ काठच जातो. वरच्या अंगावर खळगे असतील तर ओंजळभर साधं पाणी पुरतं. ते खळग्यांत साचून राहतं आणि ओळ स्पष्ट दिसते.

ट्रायपॉड किंवा ड्रोन न्यायचा असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. हातात कॅमेरा धरून फोटो काढायला तेवढा खटाटोप लागत नाही.

हे खळगे ठरावीक दिशांना येतात आणि त्यांचा सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याशी संबंध असावा, असा मुद्दा खगोल अभ्यासकांनी मांडलेला आहे. माळावर उभं राहून तो स्वतः तपासता येतो, आणि तपासावाच. नागपूरच्या अक्षांशावर २१ जूनला सूर्य उत्तरेपासून सुमारे ६५ अंशांवर उगवतो, २२ डिसेंबरच्या आसपास ११५ अंशांवर, आणि २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास बरोबर पूर्वेला, ९० अंशांवर. मध्यबिंदूवर उभं राहा, होकायंत्र छातीच्या उंचीवर धरा आणि खळगे असलेल्या धोंड्याच्या मध्याची दिशा वाचा. होकायंत्र धोंड्यावर टेकवायचं नाही. या दगडात लोहखनिज असतं, त्याने सुई सरकते. मोबाइलचं होकायंत्र वापरत असाल तर आधी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून ते जुळवून घ्या, आणि चुंबक असलेलं कव्हर काढून ठेवा.

आकडा जुळला तरी उड्या मारू नका, कारण चुकीला जागा मोठी आहे. १२ मीटर व्यासाच्या वर्तुळात तुम्ही धोंड्यापासून ६ मीटरवर उभे असता. एक मीटर रुंदीचा धोंडा तिथून साडेनऊ अंश व्यापतो. म्हणजे धोंड्याचा कुठला भाग धरला यावरच पाच अंश इकडे-तिकडे होतात. मध्यबिंदू अर्धा मीटर चुकला की आणखी पाच. त्यात तो धोंडा अडीच हजार वर्षांत घसरला असेल तर विचारायलाच नको. त्यामुळे एका वर्तुळावरून काहीच सिद्ध होत नाही. दहा-बारा वर्तुळांच्या नोंदी एकत्र मांडल्यावर दिशा ठरावीक ठिकाणी गर्दी करतात का, हे पाहायचं असतं. दिशांचे आकडे, धोंड्याची स्थिती (उभा, कललेला, पडलेला) आणि खळग्यांची संख्या अशा तीन रकान्यांची वही शाळेतल्या मुलांच्या हाती दिली तर अर्ध्या दिवसाची फार सुंदर सहल होते. भूगोल, गणित आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी ती एकत्र काढावी.

वेळेचा अंदाज: एक वर्तुळ नीट पाहायला वीस ते पंचवीस मिनिटं, मोजून नोंद करायची तर पाऊण तास. जवळच्या घोळक्यातली तीन वर्तुळं नीट पाहा आणि बाकीच्यांजवळून नुसतं चालत जा. सगळीच पाहण्याचा आग्रह धरला तर शेवटी एकही आठवत नाही.

जुनापाणी की माहूरझरी, असा प्रश्न नेहमी येतो. माहूरझरी याच काटोल रोडच्या अंगाला आणखी पुढे आहे. तिथली उत्खननं १९७० नंतरच्या वर्षांत शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज तिथे मिळाला. अकीक, कार्नेलियन अशा दगडांचे मणी घडवण्याचं ते मोठं ठिकाण होतं. सापडलेल्या वस्तूंच्या दृष्टीने माहूरझरीचं पारडं जड. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला माळावर जे प्रत्यक्ष दिसतं, त्यात जुनापाणी सरस ठरतं: पोहोचायला जवळ, वर्तुळं दाटीने आणि कपमार्क डोळ्यांपुढे. टाकळघाट-खापा आणि पारशिवनी तालुक्यातलं नायकुंड ही नावं अभ्यासकांना मोलाची. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली, म्हणजे या माणसांचं लोखंड इथेच तयार होत होतं याचा थेट पुरावा. हौशी पाहुण्याने मात्र तिकडे आधी जाऊ नये. भट्टीसारखी गोष्ट उत्खननानंतर जागेवर पाहायला उरत नाही, आणि नुसत्या शेतात उभं राहून हिरमोड होतो.

वस्तू पाहायच्या तर सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय माळावर जाऊन आल्यानंतर पाहावं, आधी नाही. काचेच्या कपाटातली लोखंडी कुऱ्हाड माळ न पाहता पाहिली तर गंजलेला तुकडा वाटते. वर्तुळाच्या मधोमध उभं राहून आल्यावर तिच्यापुढून पाय हलत नाही. विदर्भाच्या महापाषाणी (म्हणजे अशी शिळावर्तुळं उभारणाऱ्यांच्या काळातल्या) कुऱ्हाडींत एक खास गोष्ट शोधा: चपट्या पात्यावर आडव्या-तिरप्या बसवलेल्या लोखंडी पट्ट्या. लाकडी दांडा पात्याला आवळून धरायला त्या वापरत. काळी-तांबडी मडकी पाहताना आतली बाजू आणि तोंडाकडचा भाग काळा, खालचा तांबडा, हे लक्षात घ्या. आवा भाजताना ज्या भागाला हवा मिळाली नाही तो काळा राहतो. संग्रहालय सोमवारी बंद असतं, सणासुदीच्या सुट्ट्यांचं आधी विचारून घ्या.

माळावरून काहीही घरी आणायचं नाही. खापराचा तुकडा, रंगीत खडा, लोखंडाचा गंजका भाग, सगळं जिथे आहे तिथेच. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. या भागात प्लॉट घेणाऱ्यांनी सातबारा आणि मोजणीबरोबर हे अंतरही तपासावं, कारण शहर काटोल रोडने पसरत चाललं आहे आणि कित्येक वर्तुळं गवतात अशी बुडालेली आहेत की आखणी करणाऱ्याला ती दिसत नाहीत.

ताजा खड्डा दिसला, जेसीबीच्या दातांच्या खुणा दिसल्या किंवा एखादा धोंडा जागचा हललेला आढळला, तर तो स्वतः ढकलून पूर्वीच्या जागी बसवू नका. धोंड्याचं रिकामं बूड, त्याखालची माती, कललेली दिशा, यांवरूनच तो केव्हा आणि कसा हलला हे जाणकाराला कळतं. तीन बाजूंनी फोटो घ्या, एका फोटोत रस्ता किंवा विजेचा खांब येऊ द्या म्हणजे जागा सापडते. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या आणि तारखेसह पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लेखी कळवा. एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.